चिंध्या बांधलेली परसबाग

आमच्या परसात कुणी पाहुणी आली की एक गोष्ट बघून हमखास हसते. दुधीच्या वेलावर एखादा दुधी, भेंडीच्या दोन झाडांवरची एकेक शेंग, माठाचं एक उंच ताट, या सगळ्यांना जुन्या साडीच्या चिंध्या बांधलेल्या असतात. "वहिनी, नवस बोललाय का झाडांना?" असंही मला विचारून झालंय. नवस नाही हो. ती आमच्या आत्यांची, म्हणजे सासूबाईंची खूण आहे. चिंधी दिसली की हात लावायचा नाही, ते बियाण्याचं. बाकीचं घरातल्यांचं.

लग्न होऊन मी या घरी आले तेव्हा मला बीए मराठीची पदवी होती आणि भेंडी झाडाला वर तोंड करून लागते एवढंही ठाऊक नव्हतं. आत्यांनी मला परसात नेलं आणि सांगितलं, "भाजी करायला नंतर शीक, आधी तोडायला शीक." तेव्हा मला राग आला होता. तोडण्यात काय शिकायचं? आता पंचवीस वर्षांनी बचत गटातल्या नव्या मुलींना मी तेच वाक्य ऐकवते.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, माणदेशाच्या कडेला. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या खाली उतरायला तयार नसतो. घरामागे जेमतेम वीस बाय तीस फुटांची जागा, एका कोपऱ्यात हौद, दुसऱ्या कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता. एवढ्यात उन्हाळी भाजी होते. संक्रांत झाली, थंडी सरली की भेंडी आणि गवार टोकायची. दुधी, दोडका, कारलं मांडवावर चढवायचं. माठ, अंबाडी, चुका वाफ्यात. पुदिना मोरीजवळच्या सावलीत, गवती चहा कडेला. घोळ मात्र कुणी लावत नाही, ती आपली आपण येते आणि सगळं वाळून गेल्यावरही हिरवी राहते.

तोडणीची वेळ सकाळची. सात वाजायच्या आत पाटी घेऊन परसात जायचं. रात्रभरात पानं-फळं टवटवीत झालेली असतात, ऊन चढलं की मान टाकतात. उन्हात तोडलेली भाजी संध्याकाळपर्यंत चामट होते. सकाळी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळली तर फ्रिजशिवायही दुसऱ्या दिवसापर्यंत चांगली राहते.

भेंडीचं फूल गळलं की पाच-सहा दिवसांत शेंग तोडणीला येते. एक दिवसाआड तोडायचीच. उद्या बघू म्हटलं की ती निबर झाली. शेंडा बोटानं मोडून बघायचा, कटकन मोडला तर कोवळी. पण बाजारात भाजीवाल्याच्या पाटीत असे शेंडे मोडू नका, माझी त्यावरून एकदा बोलणी खाऊन झाली आहेत! देठ ओढून काढायचं नाही, विळीनं किंवा कात्रीनं कापायचं. आणि हातांना खाज सुटते म्हणून जुना मोजा चढवायचा. दुधीला नख लावून बघायचं, सहज रुतलं तर आजच उतरवायचा. कारल्यावर पिवळी झाक दिसायच्या आत ते घरात यायला हवं. कढीपत्त्याची सुटी पानं ओरबाडायची नाहीत, काडीसकट डहाळी तोडायची, मग तिथून नवी फूट येते. पुदिना फुलावर यायच्या आत दोन बोटं ठेवून कापायचा. अंबाडीचे शेंडे खुडले की बाजूनं फुटवे येतात. माठ मुळासकट उपटणाऱ्या बाईला आत्या 'उधळी' म्हणतात. तीन बोटं बुडखा ठेवून कापला तर तोच माठ दोन-तीनदा भाजी देतो.

कोथिंबिरीचं मात्र उन्हाळ्यात काही खरं नाही. चार पानं आली की लगेच फुलावर जाते. मी जुन्या साडीची सावली करून बघितली, शेवग्याखाली लावून बघितली. आठ-दहा दिवस जास्त टिकते इतकंच. आता मी भांडत नाही. फुलं येऊ देते आणि हिरवे धणे मिरचीबरोबर वाटून चटणी करते. भाकरीला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

हे सगळं चांगल्या वर्षांचं. मला सांगायचंय ते २०२४ च्या उन्हाळ्याचं.

२०२३ चा पावसाळा दगा देऊन गेला. ऑक्टोबर अखेरीस सरकारनं राज्यातल्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचाही होता. मार्चपासून नळाला आठव्या दिवशी पाणी यायला लागलं. वाड्यावस्त्यांवर टँकर. घरोघरी पिंपं, कळशा, पातेली, अगदी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यासुद्धा भरून ठेवलेल्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी गटाची बैठक आमच्या ओसरीवर होती. हप्ते गोळा झाले, मी चहा टाकला. मागच्या गल्लीतली आमची एक सभासद परसाच्या दाराशी उभी होती. तिचं घर दोन खोल्यांचं, नवरा हमाली करतो. ती परसाकडे बघून शांतपणे म्हणाली, "ताई, तुमची भेंडी पाणी पिती आणि आमची पोरं घागरीच्या तळाशी पेला घालत्यात."

सगळ्या गप्प झाल्या. मीही. मनात उत्तर तयार होतं. आमची झाडं नळाचं पाणी पीत नाहीत, तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं, शेवटच्या खळबळीचं पाणी पितात. पण ते म्हणायला माझी जीभ रेटेना. कारण चार दिवसांपूर्वीच संध्याकाळी दोडक्याची रोपं मान टाकताना बघून मी हौदातल्या स्वच्छ पाण्याच्या दोन बादल्या गुपचूप ओतल्या होत्या. कुणी बघितलं नव्हतं. मला तर ठाऊक होतं.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "उपटून टाक सगळं, विषय संपला. भाजी विकत आणू." आत्या पलंगावरून म्हणाल्या, "विकत आणशील, पर ती पिकवणाऱ्यानं काय दवाचं पाणी घातलंय व्हय?" आत्यांनी बहात्तरचा दुष्काळ बघितलाय. १९७२ साली त्या नव्या नवऱ्या होत्या. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या, तिथं मिळणारी सुकडी पदरात बांधून आणायच्या. त्या साली भाजी म्हणजे घोळ नाही तर शेवग्याचा पाला. त्यामुळे पाणी आणि भाजी या विषयावर त्यांच्यापुढे आम्ही कुणी फार बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी पाडव्याची गुढी उभारली आणि परसात जाऊन हिशेब केला. कुणाला जगवायचं? दोडका आणि कारलं काढून टाकलं, दोन्ही तहानलेले वेल. चुका गेला. भेंडीची वीस झाडं होती, त्यातली आठ ठेवली. गवार कमी पाण्यावर तग धरते म्हणून राहिली. माठ, अंबाडी, एक दुधी आणि पुदिन्याचं टोपलंभर बेट. राहिलेल्या झाडांच्या बुडाशी उसाचं पाचट आणि वाळका पाला वीतभर अंथरला. घरातले जुने तीन माठ गळ्यापर्यंत मातीत पुरले. मातीचं भांडं असल्यानं पाणी आपोआप पाझरतं, मुळांना मिळतं आणि वरून उडून जात नाही. झाकण मात्र घालायचं, नाहीतर डासांची पैदास. आणि एक नियम केला: हौदाचं पाणी झाडाला नाही. आत्यांना सांगून, ह्यांना सांगून, मोठ्यानं केला, म्हणजे मोडता येणार नाही.

सांडपाण्याबद्दल इथंच सांगते, कारण बऱ्याच जणी विचारतात. कपड्यांचं पहिलं, फेसाचं पाणी झाडांना घालू नका. सोड्यानं माती कडक होते, वर पांढरा थर धरतो. शेवटच्या खळबळीचं चालतं, तेही बुडाशी, पानांवर नाही. पुदिना-कोथिंबिरीसारखं जे कच्चं खातो, त्याला फक्त तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी. मोरीचं पाणी अळू, कर्दळ, केळीकडे वळवायचं.

त्याच आठवड्यात आमच्या वॉर्डातल्या आशाताई भेटल्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुमच्या गटातल्या त्या बाईंची मुलगी आलीय ना बाळंतपणाला? सातवा चालू आहे आणि हिमोग्लोबिन आठच्या आसपास. गोळ्या दिल्यात, पण मळमळतं म्हणून घेत नाही. जरा तुम्ही बोला." म्हणजे भेंडीवरून बोलली तिचीच लेक.

आपल्याकडे हे नवीन नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या चोपन्न बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. गटाच्या प्रशिक्षणात मी हा आकडा अनेकदा फळ्यावर लिहिलाय. फळ्यावरचा आकडा आणि समोर पांढऱ्या ओठांची, पायरी चढताना धाप लागणारी बावीस वर्षांची पोर, यात फार अंतर असतं.

मी माठाची जुडी, थोडे शेवग्याचे कोवळे शेंडे आणि चार लिंबं घेऊन गेले. तिच्या आईनं दारातच विचारलं, "कितीला?" मी म्हटलं, "अगं, घरचंच आहे." ती म्हणाली, "मग नगं ताई. त्या दिवशी मी बोलले म्हणून देताय." आणि खरंच, त्यात थोडं तसंही होतं. मी काय बोलणार? जुडी हातात घेऊन उभी राहिले. शेवटी तीच म्हणाली, "तुमची झाडं खरकटं पाणी पित्यात म्हणं. माझ्याकडं रोज बादलीभर निघतंय. ते घ्या, मग भाजी घेईन."

असा सौदा ठरला. रोज संध्याकाळी ती तांदूळ-डाळ आणि भाजी धुतलेलं, शेवटच्या खळबळीचं पाणी बादलीत आणायची आणि सकाळी तिची धाकटी मुलगी येऊन पाला-भाजी न्यायची. बघता बघता गल्लीतल्या आणखी चार घरांच्या बादल्या सुरू झाल्या. हे वैतागून म्हणायचे, "घर आहे का पाणीपुरवठा खातं?" पण संध्याकाळी बादल्या रिकाम्या करायला हेच पुढे असायचे.

पोरीशी बोलले. गोळी रिकाम्या पोटी घेत होती म्हणून मळमळत होतं. डॉक्टरीणबाईंनी ती रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली. चहाबरोबर गोळी नको, जेवणाला लागून चहाही नको, कारण अंगी लागायचं लोह चहा अडवतो. भाजीवर लिंबू पिळायचं, त्यानं उलट ते जास्त लागतं. मैत्रिणींनो, इथं एक स्पष्ट सांगते. पालेभाजीनं रक्त वाढतं म्हणून गोळ्या बंद करणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. एवढं कमी झालेलं रक्त नुसत्या भाजीनं भरून येत नाही. गोळी हवीच, प्रसंगी इंजेक्शन हवं. भाजी तिच्या सोबतीला. पण हेही खरं की आधी ती पोर भाकरी चहात बुडवून जेवण उरकत होती, आता ताटात रोज काहीतरी हिरवं यायला लागलं.

एप्रिल कसाबसा गेला. एक दिवसाआड आठ झाडांची भेंडी, गवार दोन मुठी, अंबाडीचे शेंडे. एका रविवारी गवार जास्त निघाली तेव्हा आम्ही गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून ती मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढली आणि गच्चीवर वाळत घातली. अशी वाळवलेली गवार पावसाळ्यात भिजवून परतली की शेंगदाण्याच्या कुटाबरोबर फार छान लागते. उन्हाळ्यात ऊन तेवढं मोफत, ते तरी वापरावं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भेंडीवर केवडा पडला. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, शेंगा फिकट आणि वाकड्या येतात. पांढरी माशी तो रोग झाडोझाडी नेते, म्हणून रोगट झाड लगेच उपटायचं. आठांतली सहा गेली. गवार उन्हानं करपली. वाफ्यातला माठ तिसऱ्यांदा कापून संपला होता, बुडख्यांना फूट येईना. एका सकाळी पाटी घेऊन उभी राहिले तर पाटीत टाकण्यासारखं मूठभर घोळीखेरीज काही नव्हतं. आणि दारात धाकटी मुलगी उभी.

परसात एकच गोष्ट हिरवीगार होती. कोपऱ्यातलं माठाचं ते ताट, कमरेएवढं, भरगच्च, नुकता तुरा दिसू लागलेलं. त्याला आत्यांच्या हिरव्या इरकलीची चिंधी. हा माठ आत्यांनी माहेराहून आणलेला. लाल देठाचा, रुंद पानाचा. दरवर्षी एक ताट राखायचं, तुरा वाळला की झोडपून बी राखेत कालवून डब्यात ठेवायचं. माझ्या लग्नाआधीपासूनचा हा शिरस्ता. आदल्या वर्षीचं सगळं बी आम्ही फेब्रुवारीत पेरून टाकलं होतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना देशी बियाण्यांच्या कामासाठी २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आत्यांनी टीव्हीवर त्यांना बघितलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "बघ, माझ्यासारखंच येडं हाय एक." तेव्हापासून चिंध्यांना घरात जास्तच मान आला होता.

मी थोडा वेळ उभी राहिले. आत्या आत देवपूजा करत होत्या. विचारलं असतं तर काय म्हणाल्या असत्या कुणास ठाऊक. मी विचारलं नाही. विळी घेतली आणि ताट कापलं. चिंधी सोडून कमरेला खोवली. कोवळी पानं आणि शेंडे काढून त्या मुलीच्या पिशवीत घातले, जाड देठ सोलून घरच्या आमटीला ठेवले.

दुपारी आत्यांनी आमटीतला देठ ताटात बाजूला काढून बघितला. लाल देठ. त्या परसाकडे बघून आल्या, काही बोलल्या नाहीत. तो दिवस गेला, दुसरा गेला. माझ्याशी बोलायच्या, पण कामापुरतं. ती चिंधी मी त्यांच्या उशाशी घडी करून ठेवली, तीही त्यांनी हलवली नाही. मला रडू येत होतं, आणि तरी पुन्हा ती वेळ आली असती तर मी तेच केलं असतं असंही वाटत होतं. बायकांच्या जातीला असल्या गोष्टी बोलून मोकळं होता येत नाही, घरातल्या घरात तर अजिबातच नाही.

मृगाच्या सुमाराला पाऊस आला. त्या वर्षी तो वेळेवर आणि जोरात आला. चार-पाच दिवस परसात पाऊल ठेवता येईना इतका चिखल. उघडीप पडल्यावर मी गेले तर कोपऱ्यात, जिथं सगळ्यांच्या बादल्या ओतल्या जायच्या तिथपासून हौदापर्यंत, जमिनीवर लाल-हिरवी लव आलेली. खाली बसून बघितलं. माठ! शेकड्यानं रोपं, लाल देठाची. मी धावत आत गेले, "आत्या, बाहेर या, माठ उगवलाय!"

आत्या काठी टेकत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "मग? माठाचं बी कुणी पेरायला लागतंय व्हय? इतक्या सालांचं झडलेलं मातीतच पडलंय. पाणी लागलं की येतंय."

"मग दोन दिवस बोलला का नाहीत माझ्याशी?"

"मला विचारलं न्हाईस म्हणून. विचारलं असतंस तर म्हणले असते, काप."

पोरीचं हिमोग्लोबिन जूनमध्ये दहाच्या वर गेलं होतं. गोळ्या नियमित झाल्या, डॉक्टरीणबाईंनी मे महिन्यात इंजेक्शनंही दिली होती. महिन्याअखेरीला तालुक्याच्या दवाखान्यात ती सुखरूप मोकळी झाली. मुलगी, पावणेतीन किलोची. बारशाचं बोलावणं करायला तिची आई आली ती हातात बादली घेऊनच. बाहेर धो धो पाऊस, हौद भरून वाहतोय आणि ही बादली घेऊन! "सवय लागली ताई," म्हणाली आणि दोघी हसत सुटलो.

जाताना तिनं दुधीचं बी मागितलं. आमचा चिंधीतला दुधी तेवढा शेवटपर्यंत राहिला होता, वाळून खुळखुळ्यासारखा वाजत होता. आत्यांनी तो फोडला, अकरा बिया मोजून तिच्या तळहातावर ठेवल्या आणि सांगितलं, "उसनं हाय. पिकलं की अकराच परत आणून द्यायच्या." तिच्याकडे परस नाही. तिनं तेलाच्या पत्र्याच्या डब्याला खाली भोकं पाडली, शेणखत-माती भरली. सात उगवल्या, त्यातली दोन रोपं ठेवली आणि वेल पत्र्याच्या छपरावर सोडला.

गणपतीत हळदीकुंकवाला तिच्याकडे गेले होते. छपरावर वीतभर दुधी लटकत होता, वेलावरचा पहिलाच, आणि त्याला लेकीच्या ओढणीची चिंधी बांधलेली. घरी येऊन आत्यांना सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. त्या म्हणाल्या, "पहिलाच बांधला? येडी हाय. पहिला खायाचा असतोय, बियाला दुसरा-तिसरा ठेवायचा. उद्या जाऊन सांग तिला."

दुसऱ्या दिवशी मी जाऊन सांगितलं. संध्याकाळी तिची धाकटी वाटीत दुधीची भाजी घेऊन आली.